टॅक्सी लायसन्स आणि कौन्सिलर: इंग्लंडमध्ये आपलं म्हणणं कधी, कुठे आणि कसं मांडावं

मागे एका ओळखीच्या चालकाबरोबर मी त्याच्या सुनावणीला गेलो होतो. टाउन हॉलच्या पहिल्या मजल्यावरची लहानशी खोली, लांब टेबल, पलीकडे तीन कौन्सिलर (इथले नगरसेवक), बाजूला कौन्सिलचा वकील. चालकाच्या हातात प्लास्टिकचा फोल्डर होता. त्यात घराच्या हप्त्याचं पत्र, मुलीच्या शाळेचा दाखला, गाडीच्या कर्जाचे कागद असं सगळं नीट लावलेलं. पाच-सात मिनिटं तो संसाराचं ओझं सांगत होता. अध्यक्ष बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एकच विचारलं, "स्पीडिंगचे पॉइंट्स लागले, ते आम्हाला ४८ तासांत का कळवले नाहीत?" याचं उत्तर फोल्डरमध्ये नव्हतं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "आपल्या वॉर्डाच्या कौन्सिलरला आधी भेटलो असतो तर?" त्या टप्प्यावर त्याचा काहीच उपयोग झाला नसता. उलट नुकसान झालं असतं. पण दोन वर्षांपूर्वी हा नियम ठरत होता, कन्सल्टेशन (लोकांची मतं मागवणं) चालू होतं, तेव्हा तो, मी आणि रँकवरचे, म्हणजे टॅक्सी स्टँडवरचे, आणखी शंभर जण कौन्सिलरला भेटलो असतो, तर काय, कसं आणि कुठल्या ईमेलवर कळवायचं, याची सोपी पद्धत आम्हाला मागून घेता आली असती. माझं सांगणं एवढंच आहे: कौन्सिलरला गाठायचं ते धोरण ठरण्याआधी. सुनावणीच्या तोंडावर नाही. इथे टॅक्सी चालवणाऱ्या किंवा चालवू पाहणाऱ्या मराठी माणसासाठी हे पायरीपायरीने लिहितो आहे.

आधी डोक्यातला आरटीओ बाजूला ठेवा

आपल्याकडे रिक्षा-टॅक्सीचं परमिट म्हणजे आरटीओ आणि भाडं म्हणजे राज्याचं परिवहन प्राधिकरण. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं २८ वरून ३१ रुपये झालं, तो निर्णय मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाचा. त्यात नगरसेवकाची सही कुठेच नसते. त्यामुळे इथे आल्यावर पहिली चूक अशी होते की आपण कौन्सिलरला निव्वळ गटार-रस्त्यांचा माणूस समजतो. दुसरी चूक उलट्या टोकाची: तो "आपला माणूस" आहे, लायसन्सवर एक शब्द टाकेल, असं वाटतं.

लंडनबाहेरच्या इंग्लंडमध्ये टॅक्सीचं लायसन्स स्थानिक कौन्सिल देते. पाया दोन कायद्यांचा: १८४७ चा टाउन पोलीस क्लॉजेस अॅक्ट आणि १९७६ चा लोकल गव्हर्नमेंट (मिसलेनियस प्रोव्हिजन्स) अॅक्ट. हॅकनी कॅरेज म्हणजे रँकवर उभी राहणारी, हात दाखवून थांबवता येणारी टॅक्सी. प्रायव्हेट हायर म्हणजे आधी बुक केलेलीच गाडी. प्रायव्हेट हायरमध्ये चालक, गाडी आणि ऑपरेटर (बुकिंग घेणारा) अशी तीन लायसन्सं लागतात आणि तिन्ही एकाच कौन्सिलची असावी लागतात. लंडनमध्ये हे सगळं ट्रान्सपोर्ट फॉर लंडनकडे आहे, तिथल्या बरोच्या कौन्सिलरकडे लायसन्ससाठी जाऊन हाती काही लागणार नाही. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, १९८२ चा. उत्तर आयर्लंडमध्ये तर कौन्सिलचा संबंधच नाही.

पायरी १: कोणती कौन्सिल, कोणता कौन्सिलर

जिथे दोन थर आहेत, म्हणजे खाली डिस्ट्रिक्ट किंवा बरो आणि वर काउंटी, तिथे लायसन्स डिस्ट्रिक्टकडे असतं. रस्ते आणि शाळेच्या मुलांची कंत्राटं काउंटीकडे. युनिटरी कौन्सिल असेल तर सगळं एका छताखाली. पॅरिश कौन्सिलरचा या कामाशी संबंध नाही. रँकची जागा हवी म्हणून पॅरिशच्या बैठकीला तीन महिने जाणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

मग कौन्सिलच्या संकेतस्थळावर लायसन्सिंग कमिटीची यादी काढा. अध्यक्ष कोण, सदस्य कोण, तुमच्या वॉर्डाचा कौन्सिलर त्यात आहे का, ते पाहा. तो कमिटीवर नसेल तर त्याला तुमच्या बाजूने बोलायला मोकळीक जास्त असते, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

पायरी २: निर्णय कुणाच्या हातात आहे ते शोधा

साधं नूतनीकरण ऑफिसरच्या पातळीवर होतं. गुन्ह्याची नोंद, तक्रार किंवा वाद असेल तर प्रकरण तीन-चार कौन्सिलरांच्या सब-कमिटीकडे जाऊ शकतं. धोरण कमिटीत घडतं आणि बऱ्याच ठिकाणी पूर्ण कौन्सिलमध्ये मंजूर होतं. हॅकनीचं भाडं आणि रँकची जागा काही कौन्सिलांत लायसन्सिंग कमिटी ठरवते, काहींत कॅबिनेट. हे प्रत्येक कौन्सिलच्या घटनेत, म्हणजे तिच्या कामकाजाच्या नियमावलीत, लिहिलेलं असतं, अधिकारांच्या वाटपाच्या प्रकरणात. ते एकदा वाचून काढा. चुकीच्या टेबलावर केलेली उत्तम मांडणीही वाया जाते.

पायरी ३: कौन्सिलरकडून काय मागायचं आणि काय नाही

मागता येईल असं बरंच आहे. अर्ज चार महिने पडून असेल तर वॉर्ड कौन्सिलर ऑफिसरला "काय अडलं आहे" असं विचारू शकतो. धोरणाच्या मसुद्यावर तुमचं निवेदन पुढे पाठवू शकतो, कमिटीत प्रश्न लावू शकतो, ट्रेडची, म्हणजे टॅक्सी धंद्यातल्या लोकांची, बैठक बोलवा म्हणून आग्रह धरू शकतो, रात्री रँकवर येऊन परिस्थिती डोळ्यांनी पाहू शकतो. शेवटचं फार कमी लोक मागतात, आणि त्याइतकं परिणामकारक दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

"माझं लायसन्स द्यायला सांगा" हे मात्र मागू नका. ज्यांच्यापुढे तुमची सुनावणी होणार, त्या सदस्यांना आधी फोन करणं, देवळात किंवा मंडळाच्या कार्यक्रमात गाठून विषय काढणं, हे तर मुळीच नाही. तसं झालं तर त्या सदस्याला ते सांगून बाजूला व्हावं लागतं, आणि तुमच्याबद्दल जी शंका उरते ती वेगळीच. कौन्सिलर स्वतः टॅक्सी चालवत असेल किंवा त्याचा नवरा अथवा बायको या धंद्यात असेल, तर त्या विषयात त्याला आर्थिक हितसंबंध जाहीर करून चर्चेतून आणि मतदानातून बाहेर राहावं लागतं. २०११ च्या लोकॅलिझम अॅक्टखाली ते न करणं हा गुन्हा ठरू शकतो. म्हणून टॅक्सीवाला कौन्सिलर निवडून आला की आपलं काम झालं, हा समज सोडा. टॅक्सीच्या मतदानात त्याचाच हात बांधलेला असतो.

कौन्सिलरला धोरणाबद्दल आधीच मत असू शकतं, ते बोलूनही दाखवता येतं. याच कायद्याच्या कलम २५ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. निर्णयाच्या वेळी मन उघडं हवं, एवढंच.

पायरी ४: कन्सल्टेशन चालू आहे तेव्हाच उत्तर द्या

इथे थोडा थांबतो, कारण आपले लोक इथेच मागे पडतात. ईमेल येतो, इंग्रजी जड असतं, "आपलं कोण ऐकतंय" म्हणून तो तसाच राहतो, आणि सहा महिन्यांनी नियम लागू झाला की रँकवर आरडाओरडा.

कन्सल्टेशन न्याय्य आहे का, याच्या चार कसोट्या १९८५ च्या ब्रेंट कौन्सिलविरुद्धच्या गनिंग खटल्यातून आल्या आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हॅरिंगेच्या खटल्यात त्या उचलून धरल्या. प्रस्ताव अजून कच्चा असतानाच लोकांना विचारलं पाहिजे. नीट उत्तर देता येईल इतकी कारणं आणि माहिती दिली पाहिजे. पुरेसा वेळ दिला पाहिजे. आणि आलेली उत्तरं निर्णयाच्या वेळी मनापासून विचारात घेतली पाहिजेत. मसुदा हाती आला की या चार प्रश्नांनी तपासा. कुठे कमतरता दिसली तर मुदत संपण्याआधीच कौन्सिलरला आणि लायसन्सिंग ऑफिसला लेखी कळवा. नंतर तक्रार करायची वेळ आली, तर ते पत्र तुमच्या बाजूने बोलतं.

उत्तर लिहिताना एकच मजकूर ६० जणांनी पाठवला तर तो बहुधा एकाच मताच्या ६० प्रती म्हणून वाचला जातो. त्यापेक्षा प्रत्येकाने स्वतःची चार ओळींची हकिकत लिहावी. "पाच वर्षांहून जुनी गाडी नको" असा प्रस्ताव असेल, तर तुमच्या गाडीचं वय, मायलेज, मागच्या तीन तपासण्यांचे निकाल, नवी गाडी घ्यायला येणारा खर्च हे लिहा. आणि पर्याय द्या: वयाऐवजी वर्षातून दोनदा तपासणी, किंवा आत्ताच्या गाड्यांना ठरावीक मुदतीची सवलत. कौन्सिलरला कमिटीत मांडायला काहीतरी हातात लागतं. नुसता "विरोध" घेऊन तो काय करणार?

प्रवाशांनाही बरोबर घ्या. व्हीलचेअर वापरणाऱ्यांचा गट, रात्रपाळीच्या नर्सेस, केअर होम. त्यांचं एक पत्र आपल्या दहा पत्रांपेक्षा जड असतं, कारण हा कायदा मुळात प्रवाशाच्या सुरक्षिततेसाठी आहे.

ही गोष्ट आपण मनापासून समजून घ्यायला हवी. रॉदरहॅममध्ये १९९७ ते २०१३ या काळात सुमारे १,४०० मुलांचं लैंगिक शोषण झाल्याचा अंदाज अलेक्सिस जे यांच्या ऑगस्ट २०१४ च्या अहवालात आला. त्यात टॅक्सीचालकांचा संबंध वारंवार आढळला. लुईस केसी यांच्या फेब्रुवारी २०१५ च्या अहवालानंतर सरकारने कौन्सिलचे अधिकार काढून आयुक्त नेमले, आणि त्या अधिकारांत टॅक्सी लायसन्सिंगही होतं. जुलै २०२० ची राष्ट्रीय मानकं त्याच दिशेने आली आहेत: दर सहा महिन्यांनी डीबीएस (गुन्हेगारी नोंदींची) तपासणी, अटक किंवा वाहतूक गुन्हा ४८ तासांत कळवणं, निर्णय घेणाऱ्या कौन्सिलरांना प्रशिक्षण. हे नियम आपल्याला त्रास द्यायला आलेले नाहीत. ज्या मुलींचं कुणी ऐकलं नाही, त्यांच्यामुळे आले आहेत. कौन्सिलरपुढे बसताना हे भान शब्दांत दिसलं, तर पुढचं बोलणं सोपं जातं. नियमाचा हेतू मान्य करायचा आणि अंमलबजावणीतली अडचण दाखवायची.

पायरी ५: भाडेवाढ मागायची तर यार्ड मोजा

कौन्सिल फक्त हॅकनीचं भाडं ठरवते, तेही १९७६ च्या कायद्याच्या कलम ६५ खाली. प्रायव्हेट हायरचं भाडं ऑपरेटरचं. बदल करायचा तर कौन्सिलला स्थानिक वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते आणि हरकतींसाठी किमान १४ दिवस ठेवावे लागतात. हरकत आली नाही तर दर ठरल्या तारखेला लागू होतात. हरकत आली आणि मागे घेतली गेली नाही, तर तिचा विचार करून दर बदलासह किंवा बदलाविना लागू होतात, पण पहिल्या तारखेपासून दोन महिन्यांच्या आत. म्हणजे तुमच्याच संघटनेच्या प्रस्तावावर शेजारच्या कुणा चालकाने हरकत टाकली, तरी वाढ लांबते. आधी आपापसांत एकमत करा.

आता प्रस्तावाचं गणित. मीटर पाउंडांत वाढत नाही, यार्डांत वाढतो. समजा सध्या पहिल्या १७६ यार्डांना ३.६० पाउंड आणि पुढच्या प्रत्येक १७६ यार्डांना २० पेन्स आहेत. मैलात १,७६० यार्ड, म्हणजे मैलाला दहा टप्पे, २ पाउंड. दोन मैलांचा प्रवास: ३,५२० मधून पहिले १७६ वजा, उरले ३,३४४, म्हणजे १९ टप्पे, ३.८० पाउंड. एकूण ७.४०.

टप्पा १६० यार्डांचा केला, बाकी काही न बदलता, तर मैलाला अकरा टप्पे होतात, २.२० पाउंड. कागदावर १० टक्के वाढ. पण त्याच दोन मैलांच्या गिऱ्हाइकाला आता २१ टप्पे लागतात, ४.२० पाउंड, एकूण ७.८०. त्याची वाढ फक्त ४० पेन्स, साडेपाच टक्क्यांच्याही आत. "चालक १० टक्के मागताहेत" ही बातमी आणि "बाजारातून घरी जाणाऱ्या आजींना ४० पेन्स जास्त" ही बातमी, दोन्ही एकाच प्रस्तावाच्या आहेत. कौन्सिलरला दुसरं वाक्य द्या. त्याला उद्या त्याच आजींपुढे उभं राहायचं असतं.

सोबत एक पान खर्चाचं जोडा: इंधन, विमा, प्लेट (गाडीचं लायसन्स) आणि बॅजची (चालकाचं लायसन्स) फी, टायर, तपासणी. मागची भाडेवाढ कधी झाली ती तारीख सगळ्यात वर. शेजारच्या तीन-चार कौन्सिलांचं दोन मैलांचं भाडं खाली. बस्स. वीस पानांचा अहवाल कुणी वाचत नाही.

रँकसाठी त्याच कायद्याचं कलम ६३ आहे. त्यात पोलिसांना आणि जनतेला नोटीस, हरकतींना २८ दिवस, आणि सार्वजनिक रस्त्यावर असेल तर हायवे खात्याची संमती. त्यासाठी पुरावा साधा: शुक्रवारी रात्री ११ ते २, दर पंधरा मिनिटांनी रँकवर किती गाड्या आणि रांगेत किती माणसं, हे वहीत लिहा. चार शुक्रवार. चार गाड्यांच्या रँकवर नऊ गाड्या उभ्या असतात, हे तोंडाने सांगणं आणि चार पानांवर दाखवणं यात फार फरक पडतो.

पायरी ६: फी वाढली तर हिशेब मागा

गाडी आणि ऑपरेटरची फी ठराविक मर्यादेपलीकडे वाढवायची असेल तर कलम ७० खाली वर्तमानपत्रात नोटीस आणि हरकतींना किमान २८ दिवस हवेत. चालकाच्या लायसन्सची फी वेगळ्या कलमाखाली येते, तिला ही नोटीस लागत नाही. लायसन्सच्या फीतून कौन्सिलला नफा कमावता येत नाही, खर्चच भरून काढता येतो, आणि कोणता खर्च कोणत्या फीत धरायचा यालाही नियम आहेत. वेकफिल्ड कौन्सिलच्या खटल्यात २०१९ मध्ये अपील कोर्टाने ठरवलं की चालकांच्या वागणुकीवरच्या कारवाईचा खर्च चालकाच्या फीत धरायचा, गाडीच्या फीत नाही. तेव्हा मागच्या तीन वर्षांचा लायसन्सिंगचा जमाखर्च माहिती अधिकाराखाली मागा. उत्तराला २० कामकाजाचे दिवस असतात. हिशेब हातात आला की मगच कौन्सिलरकडे जा.

पायरी ७: ट्रेडच्या बैठकीत एक आवाज

बऱ्याच कौन्सिलांत चालक, ऑपरेटर, ऑफिसर आणि कौन्सिलर यांची ठरावीक काळाने बैठक होते. नसेल तर अध्यक्षांना पत्र लिहून मागा. रँकवर पंजाबी, मीरपुरी, बांगला, सोमाली, पोलिश सगळे असतात. आपण मराठी माणसं संख्येने थोडी. वेगळी चूल मांडण्यात अर्थ नाही. जीएमबी, युनाइट या कामगार संघटना किंवा स्थानिक संघटना, जे काही आहे त्यात शिरा.

विषय आठवडाभर आधी लेखी द्या. दोन-तीनच विषय. स्वतःचं अडलेलं प्रकरण त्या बैठकीत काढू नका, कारण ऑफिसर त्यावर बोलू शकत नाही आणि सगळ्यांचा वेळ जातो. हॅकनी आणि प्रायव्हेट हायरचं हित नेहमी एक नसतं. हॅकनीच्या संख्येवर मर्यादा ठेवता येते, पण न भागलेली लक्षणीय मागणी उरलेली नाही याची कौन्सिलला खात्री असेल तरच, हे १९८५ च्या ट्रान्सपोर्ट अॅक्टमध्ये आहे. प्रायव्हेट हायरला अशी मर्यादाच नाही. हे मतभेद घरात मिटवून जा. कौन्सिलरपुढे आपण भांडलो की तो "ट्रेडचंच एकमत नाही" असं लिहून मोकळा होतो.

बाहेरच्या कौन्सिलच्या प्लेटवाल्या गाड्यांचा राग प्रत्येक बैठकीत निघतो. दूरदूरच्या चालकांना लायसन्सं देणाऱ्या वुल्व्हरहॅम्प्टन कौन्सिलचं नाव तर सगळ्यांच्या तोंडी असतं. राग खरा आहे, पण २०१५ पासून ऑपरेटरला दुसऱ्या भागातल्या ऑपरेटरकडे बुकिंग सोपवायची कायदेशीर मुभा आहे, आणि तुमच्या कौन्सिलरला ती एकट्याने बंद करता येत नाही. जून २०२५ मध्ये बॅरोनेस केसींच्या राष्ट्रीय आढाव्यातही ही पळवाट बंद करण्याची शिफारस झाली. तो विषय खासदाराकडे न्या. कौन्सिलरकडून मागायचं असेल तर शेजारच्या कौन्सिलबरोबर एकत्रित तपासणीचा करार मागा, म्हणजे इथल्या ऑफिसरला तिथल्या गाडीवर कारवाई करता येईल.

पायरी ८: आणि सुनावणीच लागली तर

अहवालाची प्रत आधी मिळते, ती शब्दन् शब्द वाचा. चूक असेल तर लेखी कळवा. खासगी माहिती असल्याने सुनावणी बहुधा बंद दाराआड असते. सोबत संघटनेचा माणूस किंवा वकील नेता येतो.

कौन्सिलर स्वतःला एकच प्रश्न विचारतात: माझ्या जिवाच्या माणसाला या चालकाबरोबर दिवसा-रात्री केव्हाही एकटं पाठवीन का? सगळी तयारी याच प्रश्नाच्या उत्तराची करा. काय झालं, तेव्हा काय चुकलं, त्यानंतर तुम्ही काय बदललं, कुठला कोर्स केला, प्रवाशांची पत्रं आहेत का. घराचे हप्ते आणि मुलांची शाळा कितीही खरी असली तरी तिथे चालत नाहीत. २००२ च्या लीड्सच्या हुसेन खटल्यात कोर्टाने तसं म्हटलं आहे. माझ्या त्या मित्राला हे कुणी आदल्या दिवशी सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

निर्णय विरुद्ध गेला तर मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील, कळवल्यापासून २१ दिवसांत. ही मुदत वाढवून मिळत नाही. निलंबन किंवा रद्द झालं असेल तर अपील चालू असताना सहसा गाडी चालवता येते, पण "सार्वजनिक सुरक्षेसाठी तात्काळ लागू" असं पत्रात लिहिलं असेल तर चावी त्याच क्षणी खाली ठेवायची. पत्र आल्याची तारीख पाकिटावर पेनाने लिहून ठेवा.

पायरी ९: निर्णयानंतरचा आठवडा

धोरण मंजूर झालं, तुमच्या मनासारखं असो वा नसो, बैठकीचा अहवाल उतरवून घ्या. तुमच्या मुद्द्यांना त्यात उत्तर दिलं आहे का, ते शोधा. एकाही हरकतीचा उल्लेख नसेल तर आधी कौन्सिलची तक्रार प्रक्रिया, मग लोकल गव्हर्नमेंट ऑम्बड्समन (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारी स्वतंत्र संस्था). न्यायालयीन फेरआढाव्याचा विचार असेल तर वकील लगेच गाठा, कारण त्याला ताबडतोब आणि उशिरात उशिरा तीन महिन्यांच्या आत जावं लागतं. ज्या कौन्सिलरने तुमचं म्हणणं मांडलं, त्याला दोन ओळींचं आभाराचं पत्र पाठवा, हरलात तरी. राष्ट्रीय मानकांनुसार धोरणाचा दर पाच वर्षांनी फेरविचार व्हायला हवा, आणि भागात मोठा प्रश्न उभा राहिला तर मधला आढावाही. ती पुढची तारीख लायसन्सिंग ऑफिसला विचारून घ्या आणि बॅजच्या नूतनीकरणाच्या तारखेशेजारी लिहून ठेवा.